बिडाची पट्टी

शिरोलीच्या एमआयडीसीत, हायवेपासून थोडं आत, एक म्हातारा पॅटर्नमेकर होता. सगळे त्याला आबा म्हणत. त्याच्या शेडच्या चारी बाजूंना फाउंड्र्या होत्या. तिथं भट्ट्या धगधगत, आणि पंपाच्या बॉड्या, ब्रेक ड्रम, इंजिनाचे भाग ओतले जात. पण रस ओतायच्या आधी वाळूत तशी पोकळी लागते, आणि पोकळीसाठी आधी हुबेहूब तसाच तुकडा करावा लागतो. तो तुकडा म्हणजे पॅटर्न. आबांनी हयातभर तेच केलं. सागाची फळी, करवत, रंधा, पटाशी आणि कानस एवढाच त्यांचा संसार.

पुढं पुढं पॅटर्न ॲल्युमिनियमचे आणि मशिनवर होऊ लागले. आबांकडे मोडक्या पॅटर्नची दुरुस्ती तेवढी राहिली. हातात वेळ राहू लागला.

शेजारच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथं, एक बाईमाणूस कामाला होतं. तिचा मुलगा तिसरीत होता. शाळा सुटली की तो आबांच्या शेडमध्ये येऊन बसायचा आणि आईची पाळी सुटेपर्यंत तिथंच असायचा. पोरगा हाताचा हुशार. कपाटात दोन-दोन फाळ्यांचे पॅटर्न एकमेकांत मिसळून पडलेले असत. कुठल्या फाळीला कुठली फाळी लागते, हे तो नुसतं बघून सांगायचा. कुठला तुकडा पंपाचा, कुठला गिअरबॉक्सचा, हेही त्याला माहीत होतं. कुणी एकदा सांगितलेली गोष्ट तो महिन्यानंतर जशीच्या तशी सांगायचा.

पुस्तक उघडलं की मात्र तो पोरगा दुसराच कुणीतरी व्हायचा. 'घर' पुढं आलं की 'धर' वाचायचा, 'भात'चा 'मात' करायचा. एक ओळ वाचून झाली की पुढची सोडून तिसरीवर जायचा. वरच्या ओळीत अडखळत वाचलेला शब्द खालच्या ओळीत पुन्हा आला तर त्याला तो नवाच वाटायचा. शाळेत वाचनाची पाळी येणार असली की सकाळपासून पोट दुखायचं. दुखायचं म्हणजे खरंच दुखायचं. ते सोंग नव्हतं.

एका संध्याकाळी आईनं वही उघडली. पानभर लाल रेघा होत्या आणि खाली शेरा होता, 'अभ्यासात लक्ष नाही.' दिवसभर कोअरच्या पेट्या उचलून तिचे हात भरून आले होते. तिनं पोराच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग स्वतःच पायरीवर डोक्याला हात लावून बसली.

पोरगा आबांजवळ सरकला.

"आबा, मी शाळा सोडू? तुमच्याकडं काम शिकतो."

"आणि शाळेत कोण जाणार?"

"मी ढ हाय. मला येत न्हाई. लई बघतो मी अक्षराकडं, पण ते ऱ्हातच न्हाई."

आबा काही बोलले नाहीत. अक्षर राहत नाही म्हणजे काय, ते त्यांना कळलं नव्हतं. पण पोरगं खोटं बोलत नाही, एवढं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सागाची एक पातळ फळी काढली आणि तिच्यातून दोन अक्षरं कापली, घ आणि ध. वीतभर उंच, बोटभर जाड. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या. पोरगा आला तेव्हा म्हणाले, "डोळे मीट. आता बोट फिरव."

पोरानं बोट फिरवलं. घच्या डोक्यावरून बोट सरळ पलीकडं गेलं. धच्या डोक्याशी ते अडलं. तिथं रेघ तुटलेली होती आणि अक्षराला आत वळलेली गाठ होती.

"हितं खाच हाय, आबा."

"मग तो ध. खाच लागली की ध."

पोरानं डोळे न उघडता दोन्ही अक्षरं उलटीपालटी केली, पुन्हा चाचपली, आणि बरोबर ओळखली. मग त्याला तो नादच लागला. भ आणि म, थ आणि य, व आणि ब. आबा कापत गेले, पोरगा आंधळी कोशिंबीर खेळावी तसा डोळ्यांवर रुमाल बांधून अक्षरं पकडत गेला.

मग आबांना वाळू सुचली. त्यांचे आजोबा गावच्या पंतोजींकडे धूळपाटीवर अक्षरं शिकले होते, असं त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. पाटावर धूळ पसरायची, काडीनं अक्षर काढायचं, हातानं पुसून पुन्हा काढायचं. पोरगा म्हणाला, "फाउंड्रीतली आणू काळी वाळू? ढिगानं पडलीय."

"ती नको," आबा म्हणाले. "तिच्यात कोळशाची पूड असती, बेंटोनाइट असतंय. बारीक धूळ छातीत बसती. तुझ्या वयाला ती नगं."

त्यांनी नदीची जाडसर वाळू आणवली, चाळली, तीन-चारदा धुतली, आणि ओलसर ठेवून एका पसरट लाकडी पेटीत थापली. पोरानं भचं अक्षर उचललं, वाळूवर पालथं घालून दाबलं आणि वर काढलं. वाळूत अक्षर उमटलं, पण उलटं.

पोरगा खदखदून हसला. "आबा, वाळूपण माझ्यासारखीच लिवती!"

आबाही हसले. फाउंड्रीच्या रीतीनं हे बरोबरच होतं. पॅटर्नवर कंपनीचं नाव सरळ असतं, वाळूत ते उलटं उमटतं, आणि ओतलेला तुकडा निघाला की पुन्हा सरळ दिसतं. म्हणून आबांनी जन्मभर सरळ अक्षरं केली होती. आता पहिल्यांदाच त्यांनी मुद्दाम उलटी अक्षरं कापायला घेतली, वाळूत सरळ दिसावीत म्हणून.

पण पहिलंच उलटं अक्षर वर काढताना वाळूची कड ढासळली. पोराचं तोंड उतरलं. आबांनी अक्षर उचलून त्याला बाजूनं दाखवलं. "ह्या कडा उभ्या सरळ हायत. पॅटर्नला जरा उतार द्यावा लागतो. खालनं अरुंद, वरनं रुंद. मग तो वाळूतनं अल्लद सुटतो. ह्याला ड्राफ्ट म्हणत्यात." त्यांनी कानस पोराच्या हातात दिली. पोरानं आबांच्या देखरेखीखाली सगळ्या कडांना उतार दिला. पुन्हा दाबलं. अक्षर स्वच्छ उमटलं. त्या कोरलेल्या चारीतून त्यानं बोट फिरवलं आणि मोठ्यानं म्हटलं, "भ!"

दोन महिने असा खेळ चालला. पोराला मुळाक्षरांतलं प्रत्येक अक्षर हातानं ओळखता येऊ लागलं. आबांना वाटलं, जमलं. त्यांनी पुस्तक उघडून त्याच्यापुढं ठेवलं.

पोरगा एकेक अक्षर ओळखत गेला, आणि शब्द काही लागेना. सुट्या अक्षरांचा शब्द होत नव्हता. आबा त्या दिवशी न जेवता झोपले.

त्याच सुमाराला शाळेत एक नवीन बाई बदलून आल्या होत्या. त्यांनी वर्गात विचारलं होतं, "सुट्टीत काय केलं?" हा पोरगा उठून फाउंड्री, वाळू, उतार, उलटी अक्षरं यांवर इतकं रंगून बोलला, की बाई ऐकतच राहिल्या. मग त्यांनी त्याची वही पाहिली. बोलणं आणि वही एकाच मुलाची वाटेनात. संध्याकाळी त्या शेडचा पत्ता विचारत आल्या.

त्यांनी पोराला अक्षरं दाखवली. सगळी बरोबर आली. मग म्हणाल्या, "कागल लिही बघू."

पोरानं लिहिलं, 'काल'.

बाई रागावल्या नाहीत. "बरं, लिहू नको. नुसतं तोंडानं सांग. कागलमधला ग काढून टाकला तर काय उरतं?"

पोरगा बराच वेळ विचार करत राहिला. शेवटी म्हणाला, "कागल काढलं तर कायच उरत न्हाई."

बाईंनी मान हलवली. तेवढ्यात पाळी सुटून आई आली. बाईंनी तिलाही खाली बसवलं.

"ताई, ह्याचे डोळे चांगले आहेत, डोकंही चांगलं आहे. शब्द ऐकला की तो ह्याला अख्खा ऐकू येतो. त्यातले तुकडे सुटे होत नाहीत. आणि आवाज सुटा झाला नाही, तर अक्षराला तो चिकटवायचा कसा? ह्याला डिस्लेक्सिया म्हणतात. आपण एकदा रीतसर तपासून घेऊ, पण मला तसंच वाटतं."

"औषध हाय का त्याला?"

"आजारच नाही तर औषध कुठलं? वाचायला कष्ट जास्त पडतील, मोठा झाल्यावरही पडतील. पण वाचता येईल. शिकवायची वाट तेवढी निराळी."

मग त्यांनी एक हकिकत सांगितली. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरानं चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहून ठेवलं. पर्सी त्याचं नाव. खेळात चपळ, बुद्धीनं तल्लख, गणिताची आवड. पण स्वतःच्या नावातली अक्षरंसुद्धा तो मागंपुढं लिहायचा. त्याचे मास्तर म्हणत, शिकवणं सगळं तोंडी असतं तर शाळेत हाच सगळ्यात हुशार ठरला असता.

आईनं पदर डोळ्यांना लावला. "मी ह्याला मारलं, बाई."

"आता खेळवू या," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून शेडपुढच्या मोकळ्या जागेत खडूनं घरं आखली गेली. बाईंनी नियम सांगितला. गावाचं नाव घ्यायचं. तोंडानं म्हणताना जितके तुकडे पडतील तितक्या टाळ्या, आणि लिहिताना जितकी अक्षरं लागतील तितक्या घरांत उड्या.

"शिरोली!" तीन टाळ्या, तीन उड्या. सोपं होतं.

"टोप!" पोरानं एक टाळी वाजवली आणि एकच उडी मारली. बाईंनी बोट दाखवलं, "अजून एक. टो म्हणताना तोंड उघडं, प म्हणताना ओठ मिटतात. मिटलेल्या ओठांचंही अक्षर असतं." पोरानं ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग दुसरी उडी मारली.

"नागाव!" टाळ्या दोन, उड्या तीन. "हालोंडी!" दोन्ही तीन-तीन. "हातकणंगले"वर तर भांडणच लागलं. कारण तोवर आजूबाजूच्या खोल्यांतली पोरंही जमली होती, आणि पाच टाळ्या पडल्या तरी उड्या सहा कशा, हे ज्यांना फडाफडा वाचता येत होतं त्यांनाही पटेना.

"कागल!" बाई म्हणाल्या.

पोरानं दोन टाळ्या वाजवल्या. मग पहिल्या घरात उडी मारली. का. दुसऱ्या घरात थांबला. ओठांनी पुटपुटला. ग. तिसऱ्या घरात गेला. ल. मग आपण होऊनच मागं वळून दुसऱ्या घराकडं बघत ओरडला, "हा ग काढला की काल उरतंय! मी काल लिवलं होतं!"

आबांनी रंधा खाली ठेवला.

वेलांटीचा खेळ तर सगळ्यांनाच आवडला. मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि तिचा आवाज येतो अक्षराच्या नंतर. शिकलेल्या माणसाला यात काही अवघड आहे असं वाटतच नाही. पण ज्याला आवाज आणि अक्षर यांची गाठ मुळापासून बांधायची आहे, तो इथं हमखास अडखळतो. आबांनी तारा वाकवून दोन मोठ्या वेलांट्या केल्या. एक पोर 'प' होऊन उभं राहायचं. पहिली वेलांटी घेतलेलं पोर त्याच्या डाव्या हाताला उभं राहायचं, पण तोंड उघडायचं ते 'प' ओरडून झाल्यावरच. दुसरी वेलांटी उजवीकडं, आणि तिनं दम संपेपर्यंत ओरडायचं. "प्‌... इ! पि!" "प्‌... ईऽऽऽ! पी!" घाईनं आधी ओरडलेली वेलांटी बाद. ह्या खेळात तो पोरगा फार कमी वेळा बाद व्हायचा, कारण दुसरी पोरं जे सवयीनं करत, ते तो कान देऊन करत होता.

बाई सांगत, की कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं, दगड अशा हाताशी असेल त्या साधनांनी आदिवासी पोरांना शिकवलं. महागाची खेळणी नव्हती म्हणून कुणाचं शिकणं अडलं नाही. आबांना हे ऐकून बरं वाटायचं. त्यांच्या लाकडाच्या ढलप्याही आता शिकवायच्या कामाला लागल्या होत्या.

वाचन हळूहळू आलं. फार हळू. काही दिवस काल आलेलं आज जायचं. पोट दुखायचं मात्र थांबलं होतं.

मग परीक्षा आली. तपासणी होऊन कागद हातात आला होता. बाईंनी ठरवलं, की पाऊण तासाच्या पेपरला ह्याला एक तास द्यायचा, आणि प्रश्न वाचून दाखवायचे. ही बातमी खोल्यांमध्ये पोचली. त्याच वर्गातल्या एका मुलीचा बाप मशिन शॉपमध्ये कामाला होता. तो संध्याकाळी शेडमध्ये आला. माणूस वाईट नव्हता, सरळ होता. सरळ माणसालाच अशा गोष्टी जास्त खुपतात.

"आबा, हे काय बरोबर न्हाई. माझ्या पोरीनं पाऊण तासात लिवायचं आणि ह्यानं तासभर? वर आणि प्रश्न वाचून दावायचे? माप सगळ्यांना सारखं पायजे."

बाई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती असतात, आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ही अडचण नावानिशी घातलेली आहे.

"कायदा असंल," तो म्हणाला. "पण न्याय हाय का?"

आबा उठले. भिंतीवरच्या खिळ्याला दोन पट्ट्या टांगलेल्या होत्या. दोन्ही काढून त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि डावीकडची टोकं जुळवली.

"वाच."

तो वाचू लागला. सुरुवातीला रेघा जुळत होत्या. दहा सेंटिमीटरपाशी बारीक फरक दिसला. पुढं पुढं तो वाढत गेला. मीटरच्या खुणेशी एक पट्टी दुसरीपेक्षा दहा मिलिमीटर पुढं होती.

"ह्यातली खोटी कुठली?" आबांनी विचारलं.

त्याला हसू आलं. "खोटी कशी? ही आकसायची पट्टी न्हवं? बिडाची."

"सांग की मग ह्या पोरास्नी, कशाला असती ते."

दारात पोरं जमली होती. त्यांच्याकडं वळून तो सांगू लागला. "बिडाचा रस थंड होताना आकसतो. मीटरला दहा मिलिमीटरच्या आसपास. म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा. पोलाद त्याच्या दुप्पट आकसतं, त्याची पट्टी आणि निराळी. साध्या पट्टीनं पॅटर्न केला, तर तुकडा बारका निघतो आणि रिजेक्ट..."

बोलता बोलता तो थांबला.

"रिजेक्ट झाला तर दोष बिडाचा?" आबा म्हणाले.

त्यानं उत्तर दिलं नाही. बिडाची पट्टी उचलून नीट खिळ्याला अडकवली. मग दारातल्या पोराकडं बघून विचारलं, "पेपर कधी हाय रं?"

"सोमवारी."

"बरं. नीट लिव."

त्या पट्टीनं दाखवलं ते असं, की सगळ्यांना एकाच पट्टीनं मोजलं म्हणजे न्याय झाला, असं नसतं. शेवटी हातात येणारं काम योग्य मापाचं यावं, यासाठी सुरुवातीला कुणाला किती जास्त द्यायचं, हे कारागिराला माहीत असतं. ते जास्त दिलेलं फुकट नसतं आणि ती दयाही नसते. आणि खेळ हा अभ्यास झाल्यावर मिळणारा खाऊ नसतो. ज्या मुलाच्या डोळ्यांसमोर अक्षर थांबत नाही, त्याच्या बोटांत, पायांत, कानांत ते थांबू शकतं. मोठ्यांनी तेवढी जागा शोधायची असते.

पेपरात त्याला पहिला नंबर मिळाला नाही. तो पास झाला. शुद्धलेखनाच्या चुका होत्याच, पण उत्तरं त्याची स्वतःची होती, आणि शेवटचा प्रश्न त्यानं पहिल्यांदाच सोडला नव्हता. मशिन शॉपमधल्या त्या बापाची मुलगी आता रोज उड्यांच्या डावाला यायची. तिला टाळ्या आणि उड्या यांतला फरक आवडला होता, आणि तिची जोडाक्षरं कच्ची आहेत, हेही तिथंच लक्षात आलं.

"जोडाक्षरं करायची का, आबा?" पोरानं विचारलं.

"पयलं कुठलं?"

"ल्हा. कोल्हापूरचा."

आबांनी फळी ओढली आणि पेन्सिल कानावरून काढली. पण पोरानं ती त्यांच्या हातातून घेतली. पातळ कागदावर सावकाश, जीभ दातांत धरून, त्यानं 'ल्हा' सरळ लिहिलं. एकदा ओठांनी म्हणून पाहिलं. मग कागद पालथा केला, खिडकीच्या काचेला लावला आणि उजेडात मागून दिसणारं उलटं अक्षर जसंच्या तसं गिरवलं.

"हं, हे चिकटवा फळीला आणि कापा," तो म्हणाला. "आणि आबा, उतार इसरू नका."